लिगुरियाची लाल वाइन: दोनच बाटल्या न्यायच्या आहेत, कुठल्या नेऊ?

घाटावरचा_भटक्या

नमस्कार मंडळी. सहा वर्षं इटलीत तोरीनोला राहतोय, म्हणजे बारोलो आणि बार्बारेस्को या नामांकित लाल वाइन्स हाकेच्या अंतरावर. पण हा धागा त्यांच्यासाठी नाही, इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरच्या लिगुरिया प्रांतासाठी आहे.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं कुनेओहून व्हेंतिमिलियाला जाणाऱ्या गाडीने समुद्रावर गेलो. ही गाडी इटलीत सुटते, मध्येच फ्रान्समध्ये शिरते आणि परत इटलीत येऊन समुद्राला टेकते. बोगदे आणि वळणं अशी की बोरघाटाची आठवण यावी. व्हेंतिमिलियाहून बसने दहाएक किलोमीटर आत दोल्चेआक्वा नावाचं गाव आहे. नदीवर एकाच कमानीचा जुना पूल, वर दोरिया घराण्याचा पडका किल्ला, आणि आजूबाजूच्या डोंगरांवर पायऱ्या-पायऱ्यांनी लावलेली द्राक्षं नि ऑलिव्ह.

तिथे जेवताना 'रोस्सेसे दि दोल्चेआक्वा' ही तिथली लाल वाइन मागवली. ग्लासात ओतली तर आरपार बोटं दिसत होती. बायको म्हणाली, "पाणी घातलंय." मी म्हटलं, गावाचं नावच 'गोड पाणी' आहे, तक्रार कुणाकडे करणार? पण पहिला घोट घेतला आणि दोघंही गप्प झालो. स्ट्रॉबेरी, सुकत आलेला गुलाब, शेवटी किंचित मिरी आणि काहीतरी खारट. बाटली कधी संपली कळलं नाही. पुलाचा आणि ग्लासाचा फोटो सोबत टाकलाय.

आता प्रश्न. डिसेंबरात पुण्याला जायचंय. भारतात माणशी दोन लिटर दारू करमुक्त नेता येते. बायकोच्या वाट्याचे दोन लिटर काकांच्या व्हिस्कीने आधीच अडवलेत. माझ्या वाट्याला ७५० मिलीच्या दोन बाटल्या. बाबा आयुष्यभर रम प्यायलेले, वाइनला 'सरबत' म्हणतात. मला त्यांना लिगुरियाचीच लाल पाजायची आहे, तीसुद्धा मटणाबरोबर. कुठल्या दोन नेऊ? आणि ही वाइन इतकी अप्रसिद्ध का?

खादाडखाऊ

पहिला! आता धागा वाचतो.

द्राक्षासव

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. लिगुरियाची लाल म्हणजे सुट्टीतली वाइन. समोर समुद्र, शेजारी बायको, डोक्यावर ऊन, अशा वेळी काहीही चांगलंच लागतं. तीच बाटली घरी आणून उघडली की पाणचट. मी स्वतः हे केलंय. तोरीनोत राहून बाबांना फिकुटलेली रोस्सेसे नेणार? एक बरी बारोलो घ्या आणि विषय संपवा.

रानजाई

@द्राक्षासव, घरी आणून किती तापमानाला प्यायलात ते सांगा आधी. बंगळूरला एप्रिलमध्ये कपाटातून काढून थेट ग्लासात ओतली असेल तर दोष वाइनचा नाही.

'लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा नियम झाला तेव्हाच्या खोल्या युरोपातल्या दगडी घरातल्या होत्या. पुण्यातल्या तिसाव्या अंशाला कुठलीही लाल वाइन नुसती दारूसारखी लागते, आणि हलक्या वाइनचा तर जीवच जातो. रोस्सेसे चौदा-पंधरा अंशाला हवी. त्यासाठी आधी फ्रिजमध्ये ठेवायची, मग काढायची.

द्राक्षासव

बंगळूर नाही, हैदराबाद. आणि मे.

रानजाई

:) मग काय बोलणार.

समुद्रकाठचा_कारकून

आम्ही दोन वर्षं जेनोव्हाला होतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

'लिगुरियाची लाल' अशी एक वाइन नाही. किनारा धनुष्यासारखा वाकलेला, मागे लगेच डोंगर, आणि दर खोऱ्यात वेगळं द्राक्ष.

पश्चिमेला फ्रान्सच्या सीमेजवळ तुमची रोस्सेसे. १९७२ मध्ये तिला डीओसी (वाइनच्या उगमाची सरकारी हमी) मिळाला, लिगुरियातला सर्वांत पहिला. साधी आणि 'सुपेरिओरे' असे दोन प्रकार. सुपेरिओरेला अल्कोहोल किमान १३ टक्के लागतं आणि तोडणीनंतरच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरआधी ती विकता येत नाही.

तिथून वर डोंगरात, आर्रोश्या खोऱ्यात, ओर्मेआस्को. हे खरं तर पिएमोन्तेचंच (तुमच्या तोरीनोच्या प्रांताचं) दोल्चेत्तो द्राक्ष, पण डोंगरावर राहून जरा रांगडं झालेलं. रंग गडद जांभळा, शेवटी कडू बदामासारखी चव. त्याच द्राक्षाची फिकट गुलाबी वाइन निघते तिला 'शाक-त्रा' म्हणतात. चिंक्वे तेर्रेची (लिगुरियाच्या पूर्व किनाऱ्यावरची पाच गावं) गोड पांढरी 'शाक्केत्रा' निराळी. दुकानात नाव नीट वाचा, मी एकदा फसलोय.

सावोनाजवळ क्विलियानोला ग्रानाच्चा. स्पेनची गार्नाचा, फ्रान्सची ग्रेनाश, सार्दिनियाची कान्नोनाऊ, सगळी एकच. क्विलियानोची पिकते थोडीशीच.

पूर्वेला तोस्कानाच्या हद्दीवर कोल्ली दि लूनी, तिथे सांजोव्हेसे या द्राक्षावर भर. लूनी म्हणजे रोमन काळातलं बंदर. पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने एत्रुरियातल्या (आजच्या तोस्कानाच्या आसपासचा भाग) वाइन्समध्ये पहिला मान लूनीला दिला होता. आज तिथे सगळे पांढरी व्हेर्मेंतीनो घ्यायला जातात.

अप्रसिद्ध का, तर मालच नाही. अख्ख्या लिगुरियात द्राक्षं दीड हजार हेक्टरच्या आसपास. शेजारच्या पिएमोन्तेत चाळीस हजारांवर. त्यात उन्हाळ्यात किनाऱ्यावर येणारे पर्यटकच निम्मं संपवतात. परदेशी पाठवायला उरतं काय?

कडूकारले

दारूच्या धाग्यावर दोन तासांत इतके प्रतिसाद. माझ्या मेथीच्या लाडवांच्या धाग्यावर तीन. त्यातले दोन माझेच.

खादाडखाऊ

@कडूकारले, तिसरा माझा होता. लाडू छान झाले होते.

निफाडकर

आमच्याकडं वाइनची द्राक्षं आहेत म्हणून विचारतो. त्या पायऱ्यांवर वेल कशावर चढवतात, मंडप की वाय आकाराचा सांगाडा? ट्रॅक्टर कसा फिरतो? फवारणी कशी करतात?

घाटावरचा_भटक्या

@निफाडकर, मंडप नाही, वायही नाही. जुन्या बागांत तारसुद्धा नाही. वेल गुडघा-मांडीएवढी, बुटक्या झुडपासारखी, तिला 'आल्बेरेल्लो' म्हणतात, म्हणजे छोटं झाड. ट्रॅक्टर जाणारच कुठून? काही पायऱ्या इतक्या अरुंद की वेलींच्या दोन ओळी कशाबशा मावतात. फवारा पाठीवर. तोडणीला क्रेट खांद्यावर घेऊन उतरायचं. चिंक्वे तेर्रेत काही ठिकाणी एका रुळावरची छोटी गाडी बसवलीय, घसरगुंडीसारखी, तिच्यातून द्राक्षं आणि कधी माणसंही खाली येतात. इथल्या लोकांनी या प्रकाराला नावच दिलंय, 'वीरांची द्राक्षशेती'.

निफाडकर

वीरच म्हणायचं राव. आमच्याकडं मजूर मिळत नाही म्हणून सपाट रानात रडतोय.

एक फरक सांगतो, वाइन पिणाऱ्यांना माहीत नसतो. आपल्याकडं थंडी पुरत नाही, त्यामुळं वेल झोपतच नाही. म्हणून आपण तिला दोनदा कापतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार करायला. ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती घडासाठी. छाटण्या दोन, पीक एकच, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. त्यांची वेल हिवाळ्यात आपोआप झोपते, झोपेत एकदा छाटायची, सप्टेंबरात माल हातात. पावसाळ्यात डाउनीच्या (पानांवरच्या बुरशीच्या) भीतीनं रात्री जागायचं काम नाही.

समुद्रकाठचा_कारकून

डाउनी तिकडेही आहे हो, मे-जूनमध्ये पाऊस लागला की त्यांचीही झोप उडते. पण समुद्राचा वारा पानं लवकर वाळवतो, तेवढा आधार.

दापोलीची_सून

पायऱ्यांना धरून ठेवायला काय असतं? सिमेंट की नुसते दगड?

घाटावरचा_भटक्या

नुसते दगड, एकावर एक रचलेले. चुना नाही, माती नाही.

दापोलीची_सून

म्हणजे गडगा! आमच्या सासरी आंब्याच्या बागेभोवती आहे तसा. फरक इतकाच की आमचा गडगा गुरं अडवतो आणि त्यांचा माती अडवतो. दर पावसाळ्यानंतर सासरे कोसळलेले दगड परत रचतात. गवंडी बोलावला तर तो सिमेंट लावू म्हणतो आणि सासऱ्यांचा पारा चढतो, कारण सिमेंट लावलं की पाणी अडतं आणि सगळी भिंतच पोटात घेऊन बसते.

समुद्रकाठचा_कारकून

@दापोलीची_सून, तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं तिकडचा कुठलाही म्हातारा डोळे मिटून मान्य करेल. पाणी दगडांच्या फटींतून निघून गेलं पाहिजे. २०१८ मध्ये युनेस्कोने कोरड्या दगडी भिंती रचण्याची कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, इटली, फ्रान्स, क्रोएशिया वगैरे आठ देशांच्या नावाने.

पण पायऱ्या सोडून दिल्या की काय होतं तेही बघा. २५ ऑक्टोबर २०११ ला चिंक्वे तेर्रेत काही तासांत प्रचंड पाऊस झाला आणि व्हेरनात्सा, मोंतेरोस्सो या गावांत डोंगर चिखल होऊन उतरला. माणसं गेली. वर पडीक झालेल्या पायऱ्या आणि ढासळलेल्या भिंती हेही त्यामागचं एक कारण होतं. द्राक्षबाग राखणं म्हणजे खालचं गाव राखणं, हे तिथे कुणाला पटवावं लागत नाही.

दोल्चेआक्वाकडे दुसरंच झालं. सानरेमो फुलांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध. मिमोसाला, शोभेच्या पानांना द्राक्षापेक्षा पैसा जास्त, त्यामुळे बऱ्याच पायऱ्यांवरची द्राक्षं गेली आणि फुलं आली. दोष कुणाला द्यायचा? पोट आहे.

तारकांकित

अवांतर, पण राहवत नाही. दोल्चेआक्वाच्या वरच्या डोंगरावर पेरिनाल्दो नावाचं गाव आहे, तेही रोस्सेसेच्याच पट्ट्यात. तिथे १६२५ मध्ये जोव्हान्नी दोमेनिको कास्सिनी जन्मला. हाच तो. शनीचे चार चंद्र शोधणारा: आयापेटस १६७१, ऱ्हिआ १६७२, टेथिस आणि डायोनी १६८४. कड्यांमधली काळी फट त्याने १६७५ मध्ये दाखवली. बोलोन्यात प्राध्यापक होता, १६६९ मध्ये चौदाव्या लुईच्या बोलावण्यावरून पॅरिसला गेला तो तिथलाच झाला. त्याच्याच नावाचं यान तेरा वर्षं शनीभोवती फिरून १५ सप्टेंबर २०१७ ला शनीच्या ढगांत शिरलं. त्या पहाटे मी आणि माझा मुलगा संगणकासमोर बसून रडलो होतो, हसायचं असेल तर हसा.

खादाडखाऊ

नाही हसणार. पण चार चंद्र दिसले म्हणजे वाइन किती प्यायला होता ते पाहायला हवं.

तारकांकित

:D

चित्रपट्टी

अवांतरात माझी भर. पुलाचा फोटो पाहून ओळखीचं वाटलं. क्लोद मोने १८८४ मध्ये बोर्दिगेराला मुक्कामाला होता, तेव्हा तो दोल्चेआक्वाला येऊन हा पूल आणि किल्ला रंगवून गेला.

पाणिनीचा_पुतण्या

'गोड पाणी' हा अर्थ ऐकायला छान आहे, पण काही अभ्यासक गावाचं नाव दुल्चियुस या रोमन जमीनमालकावरून आलं असं मानतात. पाण्याचा संबंध मागाहून जोडलेला. आपल्याकडेही असं किती गावांचं झालंय.

घाटावरचा_भटक्या

घालवलीत ना माझी कोटी!

प्रोव्हान्सकर

उशिरा आलो. आम्ही सीमेपलीकडे, तुलाँजवळ. इथे 'तिबुरें' नावाचं द्राक्ष आहे, बहुतेक सगळं रोझेत, म्हणजे गुलाबी वाइनमध्ये, जातं. डीएनए तपासला तेव्हा तिबुरें आणि दोल्चेआक्वाची रोस्सेसे एकच निघाली. मात्र आल्बेंगाच्या बाजूला ज्याला रोस्सेसे म्हणतात ते वेगळंच द्राक्ष. तेव्हा लेबलवर 'दोल्चेआक्वा' शब्द बघूनच घ्या.

फिक्या रंगाबद्दल: या द्राक्षाच्या सालीत रंग कमी, टॅनिनही (जिभेला तुरटपणा आणणारा घटक) कमी. म्हणून ती फिकी. पण फिकी म्हणजे हलकी नव्हे. सुपेरिओरेचं १३-१४ टक्के अल्कोहोल रंगावरून कळत नाही, उठताना कळतं.

द्राक्षासव

@प्रोव्हान्सकर, बरं, इथपर्यंत मान्य. पण ती टिकते का? पाच वर्षं ठेवली तर व्हिनेगर नाही होत?

प्रोव्हान्सकर

चांगल्या बागेची असेल तर सहा-सात वर्षांनी उलट मजा येते. फळ मागे जातं. सुकी पानं, मिरी, ऑलिव्हची खार पुढे येते. तिथे बारोलोसारखीच एकेका उताराच्या नावाने बाटली निघते: लुव्हाइरा, पोसाऊ, गालेए, बेराञ्ञा. पेरिनाल्दोच्या 'कुर्ली' या बागेची वाइन लुइजी व्हेरोनेल्ली या समीक्षकाने डोक्यावर घेतली होती, बाकी इटलीला रोस्सेसे माहीत नसताना. हे ऐकून तुम्ही बारोलो सोडाल असं नाही, पण सुट्टीतली वाइन म्हणू नका.

द्राक्षासव

'सुट्टीतली' शब्द मागे घेतो. 'पाणचट' अजून ठेवतो, प्यायल्यावर बघू.

सुगरण_तळेगाव

मूळ प्रश्न मटणाचा होता ना? इतिहास-भूगोल-खगोल झाला, मटण राहिलं.

मी वाइनतज्ज्ञ नाही, पण तिखटाबरोबर भारी लाल वाइन घेतली की तोंडात आग होते हे स्वतः भोगलंय. टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीला चढवतात. काळं वाटण घातलेला तिखटजाळ रस्सा आणि बारोलो म्हणजे दोन्हींचा अपमान. कमी टॅनिनची, किंचित गार वाइन असेल तर रस्साही नीट लागतो. मटण सुकं करा, खोबरं-कांदा भाजून, मिरी आणि खसखस पुढे, लाल तिखट बेताचं. आणि पोळीपेक्षा भाकरी.

समुद्रकाठचा_कारकून

@सुगरण_तळेगाव, अगदी. आणि योगायोग बघा, दोल्चेआक्वाच्या खोऱ्यातला मानाचा पदार्थच शेळीचं मटण आहे! 'काप्रा ए फाजोली', शेळी आणि पिञ्ञा गावचे पांढरे घेवड्याचे दाणे, तासन् तास मंद आचेवर. तिखट अजिबात नाही. पण दाणे विरघळून रस दाट होतो, तो भाकरीबरोबर खावा असाच. त्याच्यासोबत रोस्सेसेच असते.

शिवाय फारिनाता. बेसन, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल. तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा आमच्या आई म्हणाल्या, "हे धिरडं उलटायचं विसरलेत."

दापोलीची_सून

आईंना नमस्कार सांगा!

माझा आगाऊ प्रश्न: फोटोतला रंग पाहून मला कोकमाच्या आगळात पाणी घातल्यासारखं वाटलं. माशाबरोबर चालेल का? आमच्याकडे मटणापेक्षा बांगडा बरा पडतो.

रानजाई

@दापोलीची_सून, चालेल आणि पळेल. टॅनिनवाली लाल माशाबरोबर लोखंड चाटल्यासारखी लागते, ही तशी नाही. तव्यावरच्या बांगड्याबरोबर जरा जास्त गार करून घ्या. तिरफळ घातलेल्या आमटीबरोबर कशी लागेल सांगता येत नाही, करून बघा आणि इथे लिहा.

सरळमार्गी

पुण्यात पिण्याचं परमिट आहे का बाबांकडे? ;)

घाटावरचा_भटक्या

आहे! आजन्म. फ्रेम करून लावायचं बाकी आहे.

समुद्रकाठचा_कारकून

तर निकाल माझ्याकडून: एक रोस्सेसे सुपेरिओरे, शक्यतो एका बागेचं नाव असलेली. दुसरी ओर्मेआस्को, बाबांना 'हे काय सरबत' म्हणायची संधी न देणारी. ग्रानाच्चा मोहात पाडेल, पण ती पुढच्या खेपेला.

बाटल्या सामानाच्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत अडवतील. आणि नीट गुंडाळा. माझी एक बाटली एका विमानप्रवासात फुटली आणि बायकोची पैठणी कायमची रोस्सेसे रंगाची झाली. तो डाग मात्र फिका नव्हता.

घाटावरचा_भटक्या

ठरलं. सोलापुरी चादरीत गुंडाळून नेतो. सगळ्यांचे आभार, जानेवारीत कळवतो.

घाटावरचा_भटक्या

(जानेवारी) कळवतो म्हटलं होतं, कळवतोय. दोन्ही बाटल्या सुखरूप पोचल्या.

रोस्सेसे पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवली. आईने सुकं मटण @सुगरण_तळेगाव यांच्या सूचनेप्रमाणे केलं, फक्त तिखट 'बेताचं' म्हणजे तिच्या बेताचं. बाबांनी ग्लास उजेडात धरला, माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. अर्धा ग्लास झाल्यावर म्हणाले, "ही रमसारखी नाही." मी म्हटलं, नाहीच. "नाही, म्हणजे, जेवताना मध्ये येत नाही." मग तिसऱ्या भाकरीला आणखी मागितली. आईने चमचाभर चाखली आणि आंबट म्हणून परत केली.

ओर्मेआस्को दुसऱ्या दिवशी उघडली. काळीभोर. सुकं मटण उरलं होतं, ते रात्रभरात आणखी तिखट झालेलं, आणि दोघांचं जमलं नाही, जीभ चांगलीच भाजली. तीच वाइन नंतर नुसत्या चीजबरोबर चांगली लागली. बायको म्हणाली, पाणी घालायचं ते हिच्यात घाला.

द्राक्षासव

मीही एक मागवली होती मिलानहून येणाऱ्या मित्राकडून. लुव्हाइरा. यावेळी फ्रिजमध्ये ठेवली. 'पाणचट'ही मागे घेतो. बारोलो सोडत नाहीये.

निफाडकर

भटक्या, पुढच्या वेळी फेब्रुवारीत जा आणि त्या बुटक्या वेलींच्या छाटणीचे फोटो टाका. काडीवर किती डोळे (कोंब फुटायच्या जागा) ठेवतात ते बघायचंय.

दापोलीची_सून

बांगड्याचं मी अजून केलं नाही. बाटली कोण आणून देणार?